लेनोवो थिंकसेंटर टायनी: डबा छोटा, पण उघडता येतो

शाहूपुरीतल्या आमच्या टॅक्सच्या ऑफिसात जुना टॉवर काढून त्याजागी सेकंडहँड लेनोवो थिंकसेंटर एम७२०क्यू टायनी हा छोटा कॉम्प्युटर बसवलाय. इंटेलचा आय५-८५००टी प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, साडेचौदा हजाराला पडला. टॅली, एक्सेल, जीएसटी पोर्टलचे वीसेक टॅब, सगळं निवांत चालतंय. पण मला हा आवडलाय तो स्पीडसाठी नाही, हा उघडता येतो म्हणून.

मागं एकच स्क्रू आहे, तो काढून वरचं झाकण पुढं सरकवलं की फॅन आणि अडीच इंची डिस्कची जागा दिसते, मग मशीन पालथं करून खालचं झाकण सरकवायचं, तिथं रॅमचे दोन स्लॉट आणि एनव्हीएमई (पट्टीसारखी, वेगवान) एसएसडी. आमच्यात एक स्लॉट मोकळाच होता. याला लॅपटॉपची डीडीआर४ रॅम लागते, ऑफिसातल्या बंद पडलेल्या लॅपटॉपमधली ८ जीबीची स्टिक काढली, टक्क करून बसवली, झाले १६ जीबी, खर्च शून्य. २०२५च्या शेवटी रॅमचे भाव जे भडकले ते बघता ही लई मोठी गोष्ट आहे. प्रोसेसरसुद्धा सॉकेटवर आहे, सोल्डर केलेला नाही, म्हणजे काढून बदलता येतो.

आता सगळे विचारतात अ‍ॅपलचा मॅक मिनी का नाही. एम४ चिपवाला मॅक मिनी २०२४ला आला तेव्हा १६ जीबी / २५६ जीबीची किंमत होती ५९,९०० रुपये, आणि खरं सांगतो, स्पीडला तोड नाही, आवाज नाही, वीज किरकोळ. पण रॅम चिपसोबतच पॅक केलेली, जेवढी घेतली तेवढ्यावरच जन्म काढायचा. ५१२ जीबी पाहिजे तर तेव्हा वर २०,००० मोजावे लागायचे. आतलं स्टोरेज मॉड्यूल निघतं, पण ते अ‍ॅपलच्याच मापाचं, बाजारातली साधी एनव्हीएमई त्यात बसत नाही. शिवाय टॅली विंडोजवरच चालतं, त्यामुळं आमच्यासारख्यांचा विषय तिथंच संपला. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यानं मात्र मॅकच घ्यावा, फक्त पहिल्याच दिवशी जरा जास्तीचं स्टोरेज घेऊन.

नवीन, इंटेलच्या एन१०० प्रोसेसरवाले छोटे डबे पण बघितले. वीज कमी खातात, पण चारच कोअर, रॅमला बहुतेकांत एकच स्लॉट, काहींत तर रॅम सोल्डर केलेली. घरी पोरांच्या अभ्यासाला ठीक.

टायनीच्या मर्यादा पण आहेत की. नेहमीचं ग्राफिक्स कार्ड यात मावतच नाही, रायझर (कार्ड आडवं बसवायची जोडपट्टी) लावून छोटं कार्ड घालता येतं पण मग अडीच इंची डिस्कची जागा जाते. लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ करणाऱ्या फोटोग्राफरनी सरळ टॉवर घ्यावा, उगाच पैसे वाचवायला जाऊ नये. फॅन लोडवर ऐकू येतो, रोजच्या कामात नाही. आणि प्रोसेसर ३५ वॅटचा असल्यामुळं पावसाळ्यात लाईट गेली की तोच जुना यूपीएस टॉवरपेक्षा बराच जास्त वेळ खेचतोय, हा फायदा मशीन घेताना डोक्यातच नव्हता.

घेताना सगळ्यात आधी प्रोसेसरची जनरेशन, म्हणजे पिढी, बघा. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो. एम७१०क्यू दिसायला जवळपास असाच, पण आत सहावी-सातवी जनरेशन, स्वस्त मिळाला तरी सोडून द्या. मग दुकानातच बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणारं सेटिंग) जाऊन पासवर्ड मागतंय का बघा, कंपन्यांतून निघालेल्या मशीनला तो राहून गेलेला असतो आणि काढताना घाम फुटतो. वायफाय कार्ड आहे का, अडीच इंची डिस्कचा ट्रे आणि केबल आहे का, हे बघायला झाकण उघडून दाखवा म्हणायचं, रिफर्बिश्डमध्ये नेमकं हेच गायब असतं.

आणि अडॅप्टर. आम्हाला दुकानदारानं सोबत लोकल दिला होता, तासाभरात हात लावता येणार नाही इतका तापायचा. भांडून ओरिजिनल ६५ वॅटचा घेतला तेव्हा गप्प बसलो. अडॅप्टरवरचा वॅटचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.