सीपॅप मशीन, आठ महिन्यांनंतर: मशीनबद्दल तक्रार नाही, कुशनबद्दल आहे

गेल्या मंगळवारी रात्री दोनच्या सुमारास डोळ्यांवर वाऱ्याचा झोत आला आणि जाग आली. झोपेत श्वास थांबू नये म्हणून मी सीपॅप लावते; ते मशीन मास्कमधून नाकात दाबाने हवा सोडतं. त्या मास्कचं कुशन, म्हणजे चेहऱ्याला टेकणारा सिलिकॉनचा मऊ भाग, कडेला चिरलं होतं. सकाळी नौपाड्यातल्या त्या दुकानात गेले, जिथून मशीन घेतलं. उत्तर मिळालं, "मॅडम, सुटं कुशन येत नाही. पूर्ण मास्क घ्यावा लागेल, ५,२०० रुपये." पट्टे धड, फ्रेम धड, चिरली होती बोटभर सिलिकॉनची कड. मी परत आले.

मशीन घ्यायची वेळ का आली ते सांगते, कारण माझ्यासारख्या बायका बऱ्याच असतील. मी ५३ वर्षांची. चार वर्षं सकाळी डोकं जड, दिवसभर पेंग. थायरॉइड तपासला, बी-१२ घेतलं. ठाणे-वाशी गाडीत बसले की डोळा लागायचा, उतरायचं ऐरोलीला आणि जाग यायची कोपरखैरण्याला. घोरणं हे पुरुषांचं, असं आमच्या घरात सगळेच धरून चालले होते, मीसुद्धा. पाळी गेल्यावर बायकांमध्ये स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबणं) वाढतो, हे मला स्लीप स्टडीनंतर (झोपेतल्या श्वासाची तपासणी) डॉक्टरांकडून कळलं.

रिपोर्टमध्ये आकडा होता ३४. म्हणजे तासाला ३४ वेळा श्वास थांबत किंवा अगदी उथळ होत होता, दर वेळी निदान १० सेकंद. पाचच्या आत ठीक, तीसच्या वर तीव्र. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून हवेची वाट मिटते, ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा करतो आणि सकाळी आपल्याला त्यातलं काही आठवत नाही. वन्संनी विचारलं, सिलिंडर कुठे ठेवणार? सिलिंडर लागत नाही. खोलीतलीच हवा दाबाने आत जाते आणि ती वाट उघडी राहते. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली हा उपाय मांडला.

तिसऱ्या महिन्यात मी दोघींना सांगून बसले होते की हे मशीन घेऊ नका, रात्री दाब उगाच वाढतो आणि हवा डोळ्यांत जाते. ते मी मागे घेते. तक्रार केल्यावर मशीन चार दिवस नेलं, दोष काही निघाला नाही आणि ते चार दिवस माझे फार वाईट गेले. मग डॉक्टरांनी मशीनमधली नोंद बघितली. जवळजवळ रोज लीक, म्हणजे मास्कच्या कडेने हवा गळत होती. त्यांनी विचारलं, झोपताना तोंडाला काय लावता? मी बदामाचं तेल लावत होते. तेलाने सिलिकॉन घसरतं, चेहऱ्यावर बसत नाही. आता साबणाने तोंड धुऊनच मास्क लावते, आणि सकाळी कुशन कोमट पाण्याने, थोड्या सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवते. लीक असताना श्वास थांबण्याचा तो तासाचा आकडा ९ पर्यंत जायचा, आता २ च्या आसपास असतो. बेचाळीस हजार घेताना दुकानदाराने हे एक वाक्य सांगायला हवं होतं.

पावसाळ्यात रात्री वीज गेली की मशीन बंद पडतं आणि गुदमरून जाग येते. इन्व्हर्टरला जोडून घ्या. पाणी गरम करणारा भाग बंद ठेवला तर बॅटरी बराच वेळ पुरते.

आता परत कुशनकडे. घरी येऊन मास्कसोबतची पुस्तिका काढली. त्यात कुशन सुटा भाग म्हणून छापलंय, नंबरासकट. माप कुशनवरच कोरलेलं असतं, माझं एम. ऑनलाइन १,६५० ला मिळालं, दोन दिवसांत घरी आलं आणि टक् करून बसलं. म्हणजे माझ्याकडून साडेतीन हजार जास्त घेणार होते. आठ महिने रोज नाकावर असणारी वस्तू झिजणारच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ती सुटी मिळत नाही असं पेशंटला सांगणं मला सहन झालं नाही. दुकानाला लेखी तक्रार दिली आहे, पुस्तिकेच्या त्या पानाच्या झेरॉक्ससह. उत्तर आलेलं नाही.

मास्क घ्यायच्या आधी तिथेच विचारा, कुशन सुटं देता का आणि कितीला. नवीन कुशन लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहिली आहे. हे तेलाशिवाय किती टिकतं ते कळलं की इथे लिहीन.