फोटोत सगळं आलं, फक्त नाकं गेली

काय मागवलं: ब्लॅक अँड व्हाइट फोटोची प्रिंट, १२ बाय १८ इंच, काळी फ्रेम, मॅट पेपर. कुरियरसकट १,८५० रुपये. साइटचं नाव लिहीत नाही, कारण रडतखडत का होईना, त्यांनी शेवटी काम करून दिलं. पहिल्या पार्सलला दीड तारा, दुसऱ्याला चार.

फोटो १९३३ च्या केंटकी डर्बीचा, म्हणजे घोड्यांच्या रेसचा आहे. ६ मे, अमेरिकेतलं लुइव्हिल गाव, चर्चिल डाउन्स रेसकोर्स. सव्वा मैलाची रेस संपता संपता ब्रोकर्स टिप आणि हेड प्ले हे दोन घोडे, पहिला आतून, दुसरा बाहेरून, अगदी खेटून धावतायत. वर बसलेले डॉन मीड आणि हर्ब फिशर हे दोघे जॉकी घोडा सोडून एकमेकांना धरतायत. विरार लोकलच्या दारात सकाळी आठ दहाला जे चालतं तेच, फक्त घोड्यावर बसून. कुरिअर-जर्नल या तिथल्या पेपरच्या वॉलेस लाउरी या फोटोग्राफरने कठड्याखाली जमिनीवर आडवं पडून हा फोटो काढला.

मी लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली. पुढचं स्टेशन महालक्ष्मी, म्हणजे रेसकोर्स, त्यामुळे रविवारी पाय कुठे वळायचे ते सांगायला नको. सेकंड एन्क्लोजर, हातात रेसबुक, खिशात मोजकेच पैसे (घरी वेगळा आकडा). तेव्हा दोन घोडे खेटून आले, निकाल रेषेवरच्या फोटोवरून लागणार म्हणून पब्लिकमध्ये 'फोटो, फोटो' अशी कुजबुज सुरू झाली की निकाल लागेपर्यंत तिकीट फाडायचं नाही, एवढी अक्कल मला एका जॅकपॉटने शिकवली.

गेल्या वर्षी लेकीकडे लुइव्हिलला सहा महिने होतो. चर्चिल डाउन्सच्या आवारातच डर्बीचं संग्रहालय आहे आणि त्याच्या बागेत ब्रोकर्स टिप पुरलेला आहे. जावई म्हणाले, "बाबा, अर्धा तास झाला, एकाच दगडासमोर काय बघताय?" आता त्यांना काय सांगू? हा घोडा डर्बीच्या आधी एकही रेस जिंकला नव्हता आणि नंतरही जिंकला नाही. जन्मात एकच जिंकला, ती डर्बी. नाव काय, तर दलालाची टीप! अशी टीप मला कोणी कधी दिली नाही.

घरी आल्यावर हा फोटो हॉलमध्ये हवाच असं घेतलं मनावर. पार्सल सहाव्या दिवशी आलं. पॅकिंगला शंभर मार्क, बबल रॅप सोडवायला पंधरा मिनिटं लागली. प्रिंट बघितली आणि कपाळाला हात लावला. फ्रेम उभी. आडवा फोटो उभ्या चौकटीत बसवायचा म्हणून त्यांनी दोन्ही बाजू छाटलेल्या. जॉकी दोघेही लख्ख, बाहीच्या चुण्यासुद्धा दिसतात. पण घोड्यांची तोंडं डोळ्यांच्या जरा पुढे संपतात. दोघांचीही नाकं गायब.

आमच्या सौ. म्हणाल्या, "भांडतायत ते दिसतंय की. अजून काय हवंय?"

कस्टमर केअरवरचा मुलगाही तेच म्हणाला. "सर, मेन सब्जेक्ट तर फ्रेममध्ये आहे ना?"

"बाळा, मेन सब्जेक्ट नाकच आहे," मी म्हटलं. मग त्याला सगळं ऐकवलं, बिचाऱ्याने ऐकूनही घेतलं. त्या काळी तिथे फोटो फिनिशचा कॅमेरा नव्हता. जजांनी नुसत्या डोळ्यांनी बघून ब्रोकर्स टिप एका नाकाने पुढे ठरवला. फिशरने फाउलची तक्रार केली, ती फेटाळली. दोघांनाही तीस-तीस दिवस सस्पेंड केलं. फिशरला वर पाच दिवस जास्त, कारण रेसनंतर जॉकींच्या खोलीत तो पुन्हा मीडच्या अंगावर गेला. ब्रोकर्स टिपचे मालक कर्नल ब्रॅडली, त्यांची ही चौथी डर्बी. हेड प्लेने पुढे त्याच वर्षी प्रीकनेस ही दुसरी मोठी रेस जिंकली, म्हणजे घोडा ऐरागैरा नव्हता.

आता खरं सांगायचं तर नाकं दिसली तरी या फोटोवरून निकाल लावता येत नाही. फोटो तिरका काढलेला असला की कॅमेऱ्याजवळचा घोडा उगाच पुढे किंवा मागे वाटतो. फोटो फिनिशचा कॅमेरा बरोबर रेषेच्या सरळीत बसवलेला असतो आणि बारीकशा फटीतून फक्त ती रेषा बघतो. जुन्या कॅमेऱ्यात फिल्म फटीमागून सरकत राहायची, त्यामुळे ज्याचं नाक रेषेवर आधी आलं तेच आधी उमटायचं. लाउरीकडे साधा प्रेसचा कॅमेरा होता आणि त्याला मारामारी मिळाली. पण वाद घालायला तरी नाकं नकोत का?

दुसरी प्रिंट नवव्या दिवशी आली, एक पैसा जास्त न घेता. फ्रेम आडवी, फोटो पूर्ण, भोवती दीड इंच पांढरी पट्टी. मॅट पेपर घेतला ते बरं केलं, ट्यूबलाइट चमकत नाही. काळा रंग मात्र जरा राखाडीकडे झुकतो, घोड्यांच्या पायांतली धूळ आणि सावली एक होते. आणि मागचा हुक आडव्या फ्रेमला आखूड बाजूवर ठोकलेला! तो काढून स्क्रू मारताना एक कोपरा किंचित फाटला. एक तारा तिथे गेला.

तुम्ही मागवणार असाल तर ऑर्डर देताना 'पूर्ण फोटो, पांढऱ्या पट्टीसह' हा पर्याय निवडा. तो पानाच्या पार तळाशी आहे आणि मोबाइलवर चटकन दिसत नाही.

महालक्ष्मीचा जुना जोडीदार परवा चहाला आला होता. चष्मा कपाळावर सरकवून, फ्रेमला नाक लावून पाच मिनिटं बघत राहिला. म्हणाला, "हेड प्ले." मी सगळी कहाणी सांगितली, फटीचा कॅमेराही समजावला. चहा संपवून पुन्हा उठला, पुन्हा बघितलं. "हेड प्लेच." मग पन्नास रुपये लावायला निघाला.