कॅल्विन जॉन्सन की लॅरी फिट्झजेराल्ड: आधी कोणाची कारकीर्द पाहावी?

अमेरिकन फुटबॉलचे नियम कळू लागले आहेत आणि आता एखाद्या वाइड रिसीव्हरची, म्हणजे पुढे धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूची, संपूर्ण कारकीर्द जुन्या सामन्यांच्या चित्रणातून क्रमाने पाहायची आहे, असे ज्यांनी ठरवले आहे, त्यांच्यासमोर डेट्रॉइट लायन्सचा कॅल्विन जॉन्सन आणि अ‍ॅरिझोना कार्डिनल्सचा लॅरी फिट्झजेराल्ड ही दोन नावे हमखास येतात. दोघेही आयुष्यभर एकाच संघाकडून खेळले आणि दोघांनाही सुपर बोलचे, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचे, विजेतेपद मिळाले नाही. मी दोघांचेही सामने पाहिले आहेत. माझे मत अंतिम आहे असा माझा दावा नाही.

डोळे दिपवणारा खेळ हवा असेल, तर जॉन्सनला तोड नाही. २०१२ च्या हंगामात त्याने झेलांतून १,९६४ यार्ड मिळवून जेरी राइस या रिसीव्हरचा १९९५ पासूनचा विक्रम मोडला, आणि पुढच्याच वर्षी डॅलसविरुद्ध एकाच सामन्यात ३२९ यार्ड काढले. दोन-तीन बचावपटूंच्या डोक्यावरून चेंडू खेचून घेणारा इतका उंच आणि इतका वेगवान खेळाडू मी तरी दुसरा पाहिला नाही. कारकीर्दही नऊच हंगामांची, त्यामुळे ती पाहून संपवणे सोपे आहे.

माझे मत ठरले ते मात्र एका त्रासामुळे. दूरचित्रवाणीचा कॅमेरा स्नॅपनंतर, म्हणजे चेंडू खेळात आल्यावर, तो फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर खिळलेला असतो. जॉन्सन बहुतेक वेळा साइडलाइनजवळ उभा राहून खोलवर धावत असल्याने दोन सेकंदांत पडद्याबाहेर जातो आणि चेंडू हवेत गेल्यावरच पुन्हा दिसतो. झेल दिसतो, पण त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या बचावपटूला, म्हणजे कॉर्नरबॅकला, त्याने कसे चकवले, कोणत्या पावलावर दिशा बदलली, हे दिसतच नाही. आणि रिसीव्हरची खरी कारागिरी तर तेथेच असते. बावीसही खेळाडू दिसतील असे उंचावरून घेतलेले चित्रण पैसे भरून मिळते, परंतु त्यात समालोचन नसल्याने सामन्याची गोडी निम्मी होते. सामन्यामागून सामना असाच गेल्यावर माझा उत्साह ओसरू लागला.

फिट्झजेराल्डच्या बाबतीतही सुरुवातीची वर्षे काहीशी अशीच जातात, आणि संघाचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर निवृत्त झाल्यानंतर क्वार्टरबॅक सतत बदलत राहिल्याने मधला काळ रखडतो. २०१२ मध्ये तर त्याला ७९८ यार्डांवरच थांबावे लागले. परंतु २०१३ मध्ये प्रशिक्षक ब्रूस एरियन्स आले आणि त्यांनी त्याला अधिकाधिक स्लॉटमध्ये, म्हणजे मधल्या फळीच्या जवळ, खेळवायला सुरुवात केली. तेथे तो पडद्यावरच राहतो. पहिल्या तीन पावलांत तो समोरच्याला बाहेरच्या बाजूला ओढतो, टाच रोवून आत वळतो आणि मान फिरवताक्षणी चेंडू त्याच्या हातात असतो. डाव धावण्याचा असेल, तर आपल्याहून वजनदार बचावपटूला, म्हणजे लाइनबॅकरला, अंगावर घेऊन तो सहकाऱ्यासाठी वाट मोकळी करतो. वेग कमी झाल्यावरही २०१५ पासून सलग तीन हंगामांत त्याने शंभराहून अधिक झेल घेतले, ते याच कौशल्याच्या बळावर. सतरा हंगामांत मिळून १,४३२ झेल झाले.

वेळ अगदीच थोडा असेल, तर जॉन्सनचा २०१२ चा हंगाम पाहावा, निराशा होणार नाही. हा खेळ समजून घ्यायचा असेल, तर मात्र मी फिट्झजेराल्डकडे, त्यातही २०१५ च्या हंगामाकडे बोट दाखवीन. त्या हंगामातला ग्रीन बेविरुद्धचा प्लेऑफ (बाद फेरीचा) सामना शेवटच्या क्षणी बरोबरीत येऊन जादा वेळेत गेला. जादा वेळेतील कार्डिनल्सच्या पहिल्याच डावात क्वार्टरबॅक कार्सन पामर घेऱ्यातून निसटून मैदानाच्या दुसऱ्या बाजूला चेंडू फेकतो आणि बत्तीस वर्षांचा फिट्झजेराल्ड अंगावर येणाऱ्यांना झुगारत ७५ यार्डांची मजल मारतो. लगेच पाच यार्डांवरून त्यानेच टचडाउन करून सामना २६-२० असा जिंकून दिला. सुरुवात या सामन्यापासून करावी आणि मग त्याच्या पहिल्या, २००४ च्या हंगामाकडे मागे जावे.