हरितलवकाची सुट्या भागांची प्रतिकृती: वर्गातील एका सत्राचा अनुभव

फोंड्यातील आमच्या उच्च माध्यमिक विद्यालयासाठी म्हापशाच्या एका दुकानातून ही प्रतिकृती घेतली आणि सत्रभर अकरावीच्या वर्गात वापरली. वनस्पतीच्या पेशीत प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हरितलवकातील दोन-तीन हजार प्रथिनांपैकी शंभराहूनही कमी त्याच्या स्वतःच्या जनुकांवरून बनतात, बाकीची पेशीद्रवात तयार होऊन आत येतात, हे फळ्यावर कितीही समजावले तरी मुलांना पटत नसे. येथे प्रथिनाच्या टोकाला लोहचुंबकाने लावलेले लाल शेपूट आहे. ते बाह्यपटलावरील ‘टॉक’ संकुलातून, म्हणजे प्रथिनांना आत घेणाऱ्या द्वारातून, ओवून आत घेतले, की स्ट्रोमामधील (हरितलवकाच्या आतल्या द्रवातील) विकर संकेत-पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाला आत जाण्याचा पत्ता देणारे टोक, छाटते तसे मुले ते आपल्या हाताने काढून टाकतात. रूबिस्कोची (कार्बन डायऑक्साइड स्थिर करणाऱ्या विकराची) जुळणी तर फारच सुरेख आहे: आतच बनलेले आठ मोठे घटक हिरवे, तर केंद्रकातील जनुकांवरून बनून बाहेरून आलेले आठ लहान घटक पिवळे.

एक उणीव मात्र गंभीर आहे. अंतःपटलावर ‘टिक’ संकुल, म्हणजे आतल्या पटलाचे द्वार, दाखवलेलेच नाही, त्यामुळे प्रथिन दुसरे पटल कसे ओलांडते, असे एका विद्यार्थिनीने पहिल्याच दिवशी विचारले. तेथे मी पुठ्ठ्याचे द्वार चिकटवले आहे. पावसाळ्याच्या दमट हवेतही चुंबक गंजलेले नाहीत.