धबधब्यापर्यंत जाताना जास्त वल्हवायचं की जास्त चालायचं?

कुटुंबाला घेऊन सकाळी होडीनं निघायचं, पुढे पायवाटेनं धबधबा गाठायचा आणि अंधाराच्या आत परतायचं, असा बेत ठरला की बोलणं लगेच होडी कुठली घ्यायची यावर येतं. माझ्या मते तो प्रश्न दुसरा. आधी हे ठरवायला हवं, की अंतराचा मोठा वाटा पाण्यावर काढायचा की पायांवर. बऱ्याच तलावांवर होडी पाण्यात सोडायला एकाहून जास्त जागा असतात, त्यामुळे एकाच धबधब्याकडे दोन्ही तऱ्हांनी जाता येतं.

समजा, पहिल्या बेतात पाच किलोमीटर शांत पाणी आहे आणि मग एक किलोमीटर सोपी पायवाट. दुसऱ्यात दीड किलोमीटर पाणी आणि चार किलोमीटर वाट, त्यात २०० मीटरचा चढ.

आधी वेळ बघू. मुलं आणि सामान घेतलेल्या होडीचा वेग ताशी तीन किलोमीटरच धरावा. चालण्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला हिशेब अजून उपयोगी पडतो: ताशी पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढासाठी एक तास जादा. त्यानुसार दुसऱ्या बेतातली चढाची वाट सुमारे ७० मिनिटांची. पण हा हिशेब धडधाकट माणसाचा आहे. लहान मुलं सोबत असली की मी तो सरळ दुप्पट करते. धबधब्यापाशी दीड तास धरला तर पहिला बेत सहा तासांच्या आत आटोपतो आणि दुसरा साडेसहा तासांच्या आसपास जातो. कागदावर पहिला बेत सरस दिसतो.

वारा सुटला की हे चित्र पालटतं. धबधबा बहुतेकदा दरीच्या वरच्या अंगाला असतो आणि तलाव त्याच्या खाली पसरलेला. निरभ्र दिवशी ऊन चढलं की डोंगरउतार तापतात आणि वारा दरीतून वरच्या दिशेनं वाहू लागतो. सकाळी जाताना पाणी आरशासारखं असतं आणि दुपारी परतताना तोच वारा तोंडावर येतो. म्हणजे विरोध नेमका तेव्हा, जेव्हा सगळे दमलेले असतात. वेग निम्म्यावर आला तर पहिल्या बेतातला परतीचा प्रवास एक तास चाळीस मिनिटांवरून तीन तास वीस मिनिटांवर जातो. दुसऱ्या बेतात जादा लागतो तो फक्त अर्धा तास. शिवाय पायवाटेवर मूल दमलं तर दगडावर बसवता येतं, पाणी पाजता येतं, दहा मिनिटं थांबता येतं. पाण्यावर वल्हं थांबलं की होडी मागे सरकते.

म्हणून पहिल्यांदाच असा बेत आखणाऱ्या, पाच-सहा वर्षांपुढची चालती मुलं असलेल्या कुटुंबाला मी दुसरा बेत सुचवेन. पाण्याची मजा दीड किलोमीटरमध्येही पुरेपूर मिळते. उलट अंगाखांद्यावर न्यावं लागणारं तान्हं मूल किंवा गुडघे दुखणारे आजी-आजोबा बरोबर असतील तर पहिला बेत बरा, कारण होडीत त्यांना बसून राहता येतं आणि कष्ट वल्हवणाऱ्यांच्या वाट्याला येतात. फक्त मग पहाटे लवकर निघावं आणि दुपारचे बारा वाजायच्या आत परतीला लागावं. आठ वर्षांचं मूल पाच किलोमीटर वल्हवेल या भरवशावर मात्र काहीच ठरवू नये. ते पहिली वीस मिनिटं जोरात वल्हवतं, नंतर वल्हं पाण्यात बुडवून भोवरे बघत बसतं, आणि तसं बसू द्यावं.

आता होडी. वरून उघडी असलेली कनू छोट्या अंतराला फार सोयीची. मधे मुलं, त्यांच्या पुढे-मागे पिशव्या, बुटांची जोडी कोरडी राहते. पण वाऱ्यात तिचे हाल होतात. पुढे हलकं मूल बसलेलं असेल तर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर उचलली जाते, वारा तिला पकडतो आणि होडी सारखी आडवी होऊ पाहते. मागे बसलेल्याची निम्मी ताकद दिशा सांभाळण्यातच जाते. समोरून वारा असेल तर जड पिशव्या पुढे सरकवाव्यात, फरक लगेच जाणवतो. कनू उलटली तर तिच्यात शेकडो लिटर पाणी भरतं आणि खोल पाण्यात ती रिकामी करून पुन्हा चढणं सरावाशिवाय जमत नाही. त्यामुळे कनू काठाकाठानंच न्यावी.

दोघांची, वर बसायची कयाक लांबच्या पाण्याला जास्त भरवशाची. ती वाऱ्याला कमी अडते, दुहेरी पात्याचं वल्हं नवशिक्यालाही लवकर जमतं, आणि उलटली तरी पाणी भोकांतून निघून जातं; सरळ करून पुन्हा वर चढता येतं. तोटा असा, की तिच्यात बसलेला प्रत्येक जण कमरेपर्यंत ओला होतो आणि पुढे चालायचं असतं. ओल्या मोज्यांनी किलोमीटरभरातच टाचेला फोड येतात. कोरडे मोजे आणि चालायचे बूट पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधून न्यायलाच हवेत. चार जणांना दोन कयाक लागतात, तेव्हा प्रत्येकीत एक मोठं माणूस हवं हेही आलं.

हवा भरायची कयाक गाडीच्या डिकीत मावते, एकट्याला उचलता येते. पण ती पाण्यावर उंच तरंगते आणि वारा तिला हवा तिकडे नेतो. दुसऱ्या बेताला चालेल, पहिल्याला नको. ती काठावर ठेवून धबधब्याकडे जाताना थोडी हवा सोडावी आणि सावलीत ओढून ठेवावी, कारण उन्हात आतली हवा फुगून शिवण उसवू शकते.

होडी कुठलीही असो, पाण्याच्या रेषेपासून चांगली वर ओढून झाडाला बांधावी. धरणाच्या जलाशयात पातळी दिवसभरात बदलू शकते. लाइफ जॅकेट पाण्यावर असताना मोठ्यांनीही घालायचं. मुलाच्या जॅकेटचे खांदे धरून वर ओढून बघावं. ते हनुवटीवर, कानांपर्यंत सरकत असेल तर ते माप चुकीचं. लहानग्यांसाठी दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्यावं.

धबधब्यापाशी दोन्ही बेत एक होतात. कोसळत्या धारेखालच्या पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असतात, त्यामुळे तिथे अंग नेहमीसारखं तरंगत नाही, आणि प्रवाह माणसाला पुन्हा धारेकडे ओढतो. वरून दगडही येतात. मुलांना खेळवायचं ते डोहातून पाणी बाहेर पडतं त्याच्याही खाली, जिथे ते गुडघ्याखाली आणि संथ आहे तिथे. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहू लागला किंवा आवाज वाढला तर तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर कुठेतरी पाऊस झालेला असतो. सामान गोळा करत न बसता उंचावर जावं. गडगडाट ऐकू आला तर शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास तरी होडी पाण्यात घालू नये.

तलावाऐवजी नदी असेल तर एकच गोष्ट बघायची: जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जाता येतं का. तसं असेल तर परतताना पाणी मदत करतं आणि लांब वल्हवण्याचा बेतही सोपा होतो. धबधबा नदीच्या खालच्या बाजूला असेल तर पाण्यावरून तिकडे जाण्याचा विचारच सोडावा, पूर्ण चालत जावं.

लांब पाण्याकडेच मन ओढत असेल तर असा तलाव निवडा, ज्याच्या काठानं सगळीकडे पायवाट आहे. लाटांची टोकं पांढरी फुटू लागली, म्हणजे वारा साधारण ताशी १२ ते १९ किलोमीटर झाला, की होडी तिथेच वर ओढून बांधायची आणि सगळ्यांनी चालत गाडीकडे निघायचं. होडी दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा पडल्यावर, दोघांनी जाऊन आणता येते.