सल्लागार संस्थेबरोबरचे अकरा महिने : एका छोट्या संग्रहाच्या कार्यवाहाचा अनुभव

बेळगावातील आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जो छोटा वस्तुसंग्रह आहे, त्यात १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमधील, म्हणजे गांधीजी ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष होते त्यातील, एका स्वयंसेवकाचा बिल्ला आहे. मागच्या आठवड्यात त्याच्या कापडी फितीवरील क्रमांकाचा स्टिकर सुटला आणि सुटताना फितीचे धागे घेऊन गेला. खाली चिकट, पिवळट डाग राहिला. तो स्टिकर आम्ही नेमलेल्या सल्लागार संस्थेने लावला होता आणि त्याचे पैसे देणगीदारांच्या खिशातून गेले होते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

वस्तूवर नोंद क्रमांक कसा घालावा, हे संग्रहालयांच्या कामात फार पूर्वी ठरलेले आहे. धातूवर किंवा चिनी मातीवर आधी पॅरालॉइड बी-७२ या रेझिनचा पातळ थर, त्यावर शाईने क्रमांक, त्यावर पुन्हा थर, म्हणजे हवा तेव्हा तो ॲसिटोनने पुसता येतो. कापडासाठी सुती पट्टीवर क्रमांक लिहून ती दोन-चार टाक्यांनी शिवतात, आणि कागदाच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहितात. हे सारे त्या सल्लागार संस्थेच्याच अहवालात व्यवस्थित लिहिलेले आहे. तरीही प्रत्यक्ष काम करायला आलेल्या दोन तरुणांनी दुकानातील साधे स्टिकर वापरले, कारण सहाशे वस्तू नऊ दिवसांत संपवायच्या होत्या. मोडी कागदांच्या मागेही तेच. बेळगावचाच भाग असलेले शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होते, त्या काळचे एक घरगुती दप्तर आमच्याकडे आहे. त्यात मोडी आणि कन्नड एकाच गाठोड्यात आहेत. नोंदवहीत त्यातील चाळीस कागदांपुढे ‘भाषा अज्ञात’ असे लिहिले गेले. सीमाभागात काम घेताना मोडी वाचणारा आणि कन्नड वाचणारा माणूस सोबत असावा, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

मार्चअखेरीस, म्हणूनच, दुसरा हप्ता देऊ नये असे मी कार्यकारिणीत आग्रहाने मांडले होते. माझे ते मत पावसाळ्याने बदलले, हे मान्य केले पाहिजे. एका विक्रेत्याने आम्हाला दोन वातानुकूलन यंत्रे घ्यायला जवळजवळ राजी केले होते. सल्लागारांनी स्पष्ट नकार दिला : दिवसा चालवून रात्री बंद केलेल्या यंत्रामुळे खोलीतील आर्द्रता सतत वर-खाली होते आणि ते कागदाला अधिक घातक असते. त्याऐवजी त्यांनी एक आर्द्रतामापक घ्यायला, कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढायला, सर्वांत खालचा खण रिकामा ठेवायला आणि पावसाच्या झडीत खिडक्या न उघडता पंखे मंद ठेवायला सांगितले. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशी धरते, हे आमच्या शिपायाला आता तोंडपाठ आहे; सकाळ-संध्याकाळचे आकडे तोच वहीत लिहितो. जुलैत बाहेर सूर्यदर्शन नव्हते, आतला काटा तीनदा ७० वर गेला, तेव्हा आम्ही त्याच दिवशी कपाटे उघडून पाहिली. दरवर्षी पोथ्यांच्या कडांवर उठणारा पांढरा थर या वर्षी केवळ दोन बांधण्यांवर दिसला. यंत्रांचा खर्च वाचला तो वेगळाच, आणि माझ्यासारख्या काटकसरी माणसाला तो फार मोठा वाटला. संस्थेचे शुल्क अवाजवी आहे, असे मी तेव्हापासून म्हणणे सोडले.

परंतु फितीवरील डाग पाहिल्यावर मन पुन्हा कडू झाले. योग्य सल्ला देणारे ज्येष्ठ आणि घाईने काम उरकणारे कनिष्ठ एकाच संस्थेचे असतात, आणि करारात कामाची पद्धत न लिहिल्याने आम्हाला दाद मागता येत नाही. करारात आम्ही फक्त ‘सर्व वस्तूंना क्रमांक’ एवढेच लिहिले होते. क्रमांक कोणत्या पद्धतीने आणि कोणाच्या देखरेखीखाली घालायचा, हे लिहिण्याची जबाबदारी आमची होती.

संस्थेने तक्रार मान्य केली, एक संवर्धक, म्हणजे जुन्या वस्तूंची जपणूक आणि दुरुस्ती करणारा तज्ज्ञ, विनामूल्य पाठवण्याची तयारी दाखवली, प्रवासखर्च मात्र मागितला. तो देणार नाही, असे मी कळवले आहे. अखेरचा हप्ताही सर्व स्टिकर निघेपर्यंत थांबवला आहे. धातूच्या वस्तू आणि कागद त्यांचा संवर्धक पाहील. कापडी वस्तूंसाठी वाचनालयातील दोन सभासद भगिनी सुती पट्ट्या शिवून देत आहेत. बिल्ल्याची फीत मी वेगळ्या पेटीत ठेवली आहे आणि संवर्धक येईपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही, असे सांगून ठेवले आहे.