समोरच्याच्या हातात बिनदिक्कत देता येईल अशी बॅट

टेबल टेनिसमध्ये सामना सुरू होण्याआधी आपली बॅट प्रतिस्पर्ध्याला आणि अंपायरला दाखवायची असते, त्यांना ती तपासू द्यायची असते. आंतरराष्ट्रीय नियमांतलं हे सगळ्यांत सुंदर कलम. इंदूरला राजवाड्यामागच्या गल्लीत रबर बसवून देणारं जे छोटं दुकान आहे, ते याच कसोटीला उतरतं.

काम हातात घेतलं की आधी उघड्या लाकडाची जाडी व्हर्नियरने मोजतात, रबर बसल्यावर पुन्हा. स्पंज, रबर आणि गोंद मिळून एका बाजूला 4 मिलिमीटरची मर्यादा आहे. ‘मॅक्स’ म्हणजे सर्वांत जाड स्पंजचं रबर मुळातच त्या रेषेला टेकलेलं. त्यात गोंदाचे तीन-तीन हात दिले की बॅट बाद. इथे पाण्यातला गोंद वापरतात, स्पंजला एक आणि लाकडाला एक पातळ हात. पांढरा गोंद पारदर्शक होईपर्यंत थांबतात. पावसाळ्यात पंधरा मिनिटांचा अर्धा तास होतो, पण ओल्यावर चिकटवलं तर फुगे धरतात आणि बॅट सपाट राहत नाही. रबर मुठीकडून वर, न ताणता लाटतात. ताणलेलं रबर काही दिवसांत आखडतं आणि कडेचं लाकूड उघडं पडतं.

बूस्टर, म्हणजे रबराचा वेग वाढवणारं तेल, लावून मिळत नाही, कितीही गळ घाला. अगदी योग्य. चेंडूला जादा वेग देणारे सॉल्व्हंटचे गोंद 2008 मध्ये बंद झाले ते खेळाडूंच्या तब्येतीसाठी. तोच वेग तेल चोपडून चोरायचा, हा समोरच्याशी उघड खोटेपणा आहे, मग जिल्ह्याच्या मॅचला तपासायचं यंत्र असो वा नसो. पूर्वी दोन्ही बाजूंना एकाच रंगाची, पण वेगळ्या गुणाची रबरं लावून बॅट हातात फिरवत. चेंडू कुठल्या बाजूने आला ते कळायचंच नाही. 1980च्या दशकात दोन रंग सक्तीचे झाले ते त्यामुळे. आता काळ्याच्या जोडीला निळं, हिरवं, गुलाबीही चालतं, पण दुकानात लालच मिळतं.

खटकतं ते जुनं रबर काढणं. सरळ खसकन ओढतात, वार्निश नसलेल्या लाकडाचे तंतू सोबत निघतात. मुठीजवळच्या कोपऱ्यातून तिरकं, हळू काढायला सांगा. नव्या रबराचं पाकीट समोर फोडून घ्या, मान्यतेचा शिक्का मुठीजवळ स्पष्ट दिसतोय ना ते बघा आणि नंबर आंतरराष्ट्रीय महासंघाच्या यादीशी ताडून पाहा. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी बॅट रबर बसवायला देऊ नका.